कॅनडात गांजा लीगल आहे म्हणजे नक्की काय, आणि आईबापांनी त्याचं काय करायचं

दर वर्षी ऑगस्ट आला की पुण्याहून, नाशिकहून, कोल्हापूरहून कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. मुलगा नाहीतर मुलगी शिकायला इकडे कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात येणार असते, फी भरून झालेली असते, आणि निघायच्या तोंडावर कुणीतरी कानावर घातलेलं असतं की तिकडे गांजा दुकानात मिळतो. मग सुरू, "खरंय का गं? पोरं सर्रास ओढतात का? पोलीस काही म्हणत नाहीत?" इथे राहणाऱ्या मराठी आईबापांचे प्रश्न काही वेगळे नसतात, फक्त ते चारचौघांत विचारत नाहीत, पार्टी संपल्यावर गाडीकडे जाताना हळूच विचारतात.

आमच्याकडच्या कुठल्याही प्लाझात जा, देशी किराणा, डेंटिस्ट, गणिताचा क्लास, आणि त्यांच्या मधोमध काचा झाकलेलं एक दुकान, आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. क्लासला सोडलेली पोरं ते रोज बघतात. माझा थोरला अकरावीत आहे, धाकटी अजून लहान, त्यामुळे मला हा विषय टाळून चालण्यासारखं नव्हतं. मी डॉक्टर नाही, वकील नाही, पण नियम वाचलेत आणि डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावून सोडलंय. जे समजलं ते सरळ सांगते.

आधी हे बघू की त्यात असतं काय

गांजा म्हणजे त्या झाडाच्या मादी फुलांचा वाळवलेला फुलोरा. त्यात शंभराच्या वर निरनिराळी रसायनं असतात, पण आपल्याला दोनच लक्षात ठेवायची आहेत. पहिलं टीएचसी, ज्याने नशा येते. दुसरं सीबीडी, ज्याने नशा येत नाही. पाकिटावर दोन्हीचे आकडे छापलेले असतात आणि आईबापाने बघायचा आकडा टीएचसीचा.

आपला मेंदू स्वतःच काही रसायनं तयार करत असतो, ज्यांनी भूक, झोप, आठवण, भीती, तोल या सगळ्याचं प्रमाण सांभाळलं जातं. टीएचसीची घडण त्यांच्यासारखी आहे, त्यामुळे ते जाऊन त्यांच्याच जागेवर बसतं, फक्त जास्त जोरात आणि जास्त वेळ. म्हणून वेळेचा अंदाज जातो, आत्ता काय बोललो ते आठवत नाही, मधेच खा खा सुटते. मोठ्या माणसात हे काही तासांत उतरतं. मुलांची गोष्ट वेगळी, कारण मेंदूची बांधणी साधारण पंचविशीपर्यंत चालू असते आणि सगळ्यात शेवटी पक्का होतो तो भाग म्हणजे पुढचा विचार करणारा, स्वतःला आवर घालणारा. म्हणजे ज्या भागाने "नको" म्हणायचं तोच अजून कच्चा, आणि त्याच्याच बांधकामात हे बाहेरचं रसायन शिरतं.

इथे एक काका हमखास म्हणतात, "अगं आमच्या हॉस्टेलवर पण ओढायचे, काही नाही झालं कुणाला." काका खरं सांगत असतील, पण तो माल वेगळा होता. कॅनडाच्या आरोग्य खात्याच्या म्हणण्याप्रमाणे १९८० च्या दशकात गांजात टीएचसी सरासरी ३ टक्के असायचं, आता १५ टक्क्यांच्या आसपास असतं, आणि दुकानात २० नि २५ टक्केवाला माल अगदी रोजचा आहे. व्हेपमध्ये, म्हणजे बॅटरीवरच्या सिगारेटमध्ये, भरायचा जो अर्क मिळतो त्यात तर ८० टक्क्यांच्याही वर. त्यामुळे काकांचा अनुभव आजच्या पोराला लागू करायचा म्हणजे जरा अवघडच आहे.

आणि हो, भांग. "आपल्याकडे तर महाशिवरात्रीला प्रसाद म्हणून घेतात" हे वाक्य माझ्या मुलाने मला ऐकवलंय, गूगल करून. झाड तेच, पण भांग पानांची असते आणि पानात टीएचसी फुलोऱ्यापेक्षा बरंच कमी. भारतातल्या १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यातही गांजाच्या व्याख्येत फुलोरा येतो, नुसती पानं येत नाहीत, म्हणून तर उत्तरेत काही ठिकाणी भांगेची परवान्याची दुकानं चालतात. परंपरा आहे म्हणून सोळाव्या वर्षी चालेल असं त्यातून निघत नाही, एवढं मी त्याला सांगितलं, आणि तेव्हा तो गप्प बसला, पटलं की कंटाळला ते माहीत नाही.

लीगल, म्हणजे मोकळं रान?

नाही, आणि सगळा गोंधळ इथेच होतो. तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक बंदी, म्हणजे सापडलात तर गुन्हा. दुसरी, जवळ थोडासा सापडला तर तुरुंग नाही, दंडावर भागतं, पण विकणं गुन्हाच. तिसरी, सरकारने पिकवण्यापासून विकण्यापर्यंत सगळं स्वतःच्या नियमात घेतलं. कॅनडाने तिसरं केलं, १७ ऑक्टोबर २०१८ ला. त्याच्या आधी असं करणारा देश एकच, उरुग्वे, त्यांनी कायदा २०१३ मध्ये केला.

नियम असे. प्रौढ माणूस बाहेर ३० ग्रॅमपर्यंत सुका गांजा जवळ बाळगू शकतो. बहुतेक प्रांतांत घरी चार झाडं लावता येतात, माणशी नाही, घरटी चार. वय प्रांताने ठरवायचं, ऑन्टारियोत १९, अल्बर्टात १८, आणि क्यूबेकने १ जानेवारी २०२० पासून ते वाढवून २१ केलं. दुकानाला लायसन लागतं, आमच्याकडे शाळेपासून किमान १५० मीटर लांब, दारातच आयडी बघतात. पाकीट साधं, त्यावर चित्रं नाहीत, लहान मुलाला उघडता येणार नाही असं झाकण, लाल रंगाचं टीएचसीचं चिन्ह आणि पिवळ्या चौकटीत इशारा. क्रिकेट मॅचच्या मधे याची जाहिरात तुम्हाला दिसणार नाही.

आता मुलांचं. अल्पवयीन मुलाला गांजा विकला किंवा नुसता दिला तरी जास्तीत जास्त शिक्षा १४ वर्षं. विकणाराच कशाला, एकोणीस वर्षांच्या भावाने सोळा वर्षांच्या बहिणीला दिला तरी कायदा तोच. दारूचं बघा, ऑन्टारियोत आईबापाने घरात आपल्या मुलाला घोटभर वाइन दिली तर तो गुन्हा नाही. गांजाला ही सवलतच नाही ठेवलेली. "बाहेर घेण्यापेक्षा आमच्यासमोर घे" म्हणणारे आधुनिक आईबाप मला भेटलेत, त्यांना हे माहीत नव्हतं. मुलाजवळ थोडासा, म्हणजे ५ ग्रॅमपर्यंत, सापडला तर देशाच्या कायद्याप्रमाणे तो गुन्हेगार ठरत नाही, हे मुद्दाम तसं ठेवलंय, पण ऑन्टारियोत पोलीस तो जप्त करतात आणि दंड करतात किंवा समुपदेशनाच्या कार्यक्रमाला पाठवतात. शाळेत सापडला तर सस्पेन्शनचा प्रश्न वेगळाच.

म्हणजे ज्या कायद्याला आपण मोकळं रान म्हणतो त्यात मुलांच्या बाबतीतलं कलम सगळ्यात कडक कलमांपैकी एक आहे.

थायलंडचं उदाहरण याच्या उलटं, आणि ते आपल्या टूरवाल्या मंडळींना जवळचं वाटेल. तिथे जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढून टाकला, पण दुकानं कशी चालवायची याचा धड कायदा आधी केलाच नाही. बँकॉकमध्ये गल्लोगल्ली दुकानं झाली, आणि जून २०२५ मध्ये सरकारने पुन्हा गाडी मागे घेतली, आता डॉक्टरची चिठ्ठी लागते. बंदी उठवणं आणि नियम बसवणं ही दोन वेगळी कामं आहेत, त्यातलं पहिलं सोपं आहे.

पण मग केलं कशाला?

हा माझ्या सासऱ्यांचा प्रश्न. वाईट आहे हे माहीत असताना सरकार विकतं कसं?

कारण बंदी असतानाही पोरं ओढतच होती. युनिसेफचा २०१३ चा अहवाल आहे, श्रीमंत देशांतल्या मुलांबद्दलचा, त्यात ११, १३ आणि १५ वर्षांच्या मुलांमध्ये वर्षभरात गांजा ओढणाऱ्यांचं प्रमाण कॅनडात २८ टक्के होतं, यादीत पहिला नंबर. आणि हे सगळं कडक बंदी असताना. मुलांना तो देणारा माणूस वय विचारत नव्हता, त्यात काय मिसळलंय ते सांगत नव्हता, आणि त्याच्याकडे गांजाशिवाय आणखी बरंच काही असायचं. दुसरीकडे दर वर्षी हजारो लोकांवर नुसता जवळ बाळगला म्हणून केस व्हायची, त्यात काळे आणि आदिवासी समाजाचे लोक त्यांच्या संख्येच्या मानाने फार जास्त, आणि एकदा रेकॉर्ड झालं की नोकरी, अमेरिकेचा प्रवास, सगळीकडे ते आडवं यायचं.

२०१५ च्या निवडणुकीत जस्टिन ट्रूडोंनी आश्वासन दिलं, ते पंतप्रधान झाले, मग अ‍ॅन मॅक्लेलन यांच्या अध्यक्षतेखाली टास्क फोर्स, म्हणजे अभ्यास समिती, बसली, मग कायदा. त्या कायद्याचे उद्देश कलम ७ मध्ये दिलेत आणि त्यातला पहिलाच उद्देश आहे तरुण मुलांच्या हातात गांजा जाऊ न देऊन त्यांची तब्येत सांभाळणं. वाचून हसू येतं मान्य, मला पण आलं होतं.

वयावरून तेव्हा बराच वाद झाला. कॅनेडियन मेडिकल असोसिएशनचं म्हणणं होतं की २१ ठेवा, आणि पंचविशीपर्यंत माल किती नि किती कडक द्यायचा त्यावरही बंधन घाला. सरकारचं म्हणणं असं की वय फार वर नेलं तर १९-२० वर्षांची सगळी पोरं त्याच जुन्या काळ्या बाजारात राहतील, जिथून त्यांना बाहेर काढायचंय. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. मला विचाराल तर क्यूबेकचं २१ मला बरं वाटतं, पण त्यात आईचं मन जास्त आणि हिशोब कमी हे मला कळतं.

वाढलं का मग मुलांमध्ये?

ज्यांना भीती होती त्यांना वाटत होतं दुप्पट होईल, ज्यांनी कायदा केला त्यांना वाटत होतं कमी होईल. ऑन्टारियोत सातवी ते बारावीच्या मुलांचा एक जुना सर्व्हे आहे, वर्षानुवर्षं चालू असलेला. त्यात वर्षभरात गांजा घेतल्याचं सांगणारी मुलं १९९९ मध्ये २८ टक्के होती, कायद्यानंतर २०१९ मध्ये २२ टक्के, आणि २०२३ मध्ये १८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पूर आला नाही. पण उतरण कायद्याच्या कितीतरी आधीपासून लागलेली होती आणि मधे कोविडमध्ये पोरं घरातच होती, त्यामुळे "बघा कायद्याने कमी झालं" म्हणणाऱ्यांनीही जरा दमानं घ्यावं. आणि १८ टक्के म्हणजे थोडे नव्हेत. तुमच्या मुलाच्या वर्गात चार-पाच जण आहेत, आणि तुमच्या मुलाला ते कोण आहेत हे माहीत आहे.

दुकान आमच्या गल्लीत नको

हे मी स्वतः म्हणत होते तेव्हा. ऑन्टारियोत शहरांना जानेवारी २०१९ पर्यंत मुभा होती की आमच्याकडे दुकानं नकोत असं कळवा. टोरांटोजवळच्या मिसिसागाने नको म्हटलं, मार्कहमने नको म्हटलं. शेजारच्या ब्रॅम्प्टनने हो म्हटलं. ज्यांना ही गावं माहीत आहेत त्यांना कळेल की मधे सीमा म्हणजे एक रस्ता आहे, सिग्नल हिरवा झाला की गाव बदललं. मिसिसागात इतकी वर्षं एकही परवान्याचं दुकान नव्हतं आणि त्याच मिसिसागात फोनवर ऑर्डर करून घरपोच आणून देणारे बिनपरवान्याचे लोक आरामात धंदा करत होते. आणि असले लोक आयडी मागत नाहीत. शेवटी एप्रिल २०२३ मध्ये नगरपालिकेने निर्णय फिरवला, कारण हेच, की दुकान नाही म्हणून गांजा नाही असं काही झालेलं नव्हतं.

आता मात्र दुसऱ्या टोकाला गेलंय, प्रांतात दीड हजारांहून जास्त दुकानं झालीत, एकाच चौकात दोन-दोन, आणि मला हे आवडत नाही. दारूच्या दुकानांचं कसं ठरावीक अंतर ठेवता येतं तसं यांचंही ठेवता आलं असतं.

खरी भीती कशाची आहे

ओढण्यापेक्षा खाण्याची. गांजा घातलेल्या गमीज, चॉकलेट, कुकीज, ब्राउनी, यांना इथे सगळे एडिबल म्हणतात. ते कायद्यात एक वर्ष उशिरा आले, ऑक्टोबर २०१९ मध्ये नियम लागू झाले आणि डिसेंबरपासून दुकानात दिसायला लागले.

ओढलेलं काही मिनिटांत चढतं, खाल्लेलं पोटातून लिव्हरमधून फिरून मग मेंदूत जातं. त्याला अर्धा तास ते दोन तास लागतात, आणि पूर्ण चढायला चार तासांपर्यंत. आपल्याकडे गीझरचा नळ उघडल्यावर आधी गारच पाणी येतं म्हणून माणूस नळ पूर्ण सोडतो आणि मग एकदम चटका बसतो, तसंच हे. पोरगं एक गमी खातं, काही होत नाही, मग अजून दोन खातं, आणि रात्री दहाला छातीत धडधड, हातपाय गार, आपण मरतोय असं वाटून मित्राच्या आईला उठवतं. मोठ्या मुलांच्या बाबतीत इमर्जन्सीत जाणारी बरीच प्रकरणं अशीच असतात, आणि बहुतेक वेळा सलाईन नि झोप यावर निभावतं.

छोट्यांचं तसं नाही. दोन-तीन वर्षांच्या बाळाला गमी म्हणजे गमीच. त्याचं वजन बारा-तेरा किलो, त्यामुळे मोठ्या माणसाला जेमतेम चढेल तेवढ्यात ते बाळ झोपाळतं, तोल जातो, उठवता उठत नाही, श्वास मंद होतो, कधी कधी आयसीयूत ठेवावं लागतं. २०२२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये कॅनडातल्या चार प्रांतांचा अभ्यास आला होता, दहा वर्षांखालच्या मुलांचा. ऑन्टारियो, अल्बर्टा, ब्रिटिश कोलंबिया इथे एडिबल विकायला लागल्यावर चुकून गांजा खाल्ल्यामुळे हॉस्पिटलात दाखल होणाऱ्या मुलांचं प्रमाण कायद्याआधीच्या साडेसात पट झालं. क्यूबेकमध्ये तीन पट. फरक कशाचा, तर क्यूबेकने कँडी, चॉकलेट, मिठाई अशा मुलांना भुरळ पडेल अशा वस्तूंत गांजा विकायलाच परवानगी दिली नाही. देश तोच, मूळ कायदा तोच, फक्त एका प्रांताने गोड पदार्थ वगळले.

परवान्याच्या पाकिटात टीएचसी जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम असतं, एका गमीत नाही, अख्ख्या पाकिटात. बिनपरवान्याच्या पाकिटावर ५००, ६०० असे आकडे छापलेले असतात आणि पाकीट हुबेहूब नेहमीच्या चॉकलेट-चिप्ससारखं. सरकारी स्टॅम्प नाही, पाकीट रंगीबेरंगी चकचकीत, म्हणजे माल बाहेरचा, एवढं ओळखता आलं तरी पुरे. घरी केलेली ब्राउनी तर त्याहून अवघड, कायद्याने चालते, पण कुठल्या तुकड्यात किती गेलंय ते करणाऱ्यालाही माहीत नसतं.

"आमच्या घरात कुणी घेतच नाही." बरं, पण बेसमेंटमध्ये भाडेकरू आहे ना? कॉमन फ्रीज आहे? दिवाळीच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, पन्नास माणसं आणि त्यांच्या पर्सा, जॅकेटं एका पलंगावर, आणि त्याच खोलीत सगळी बारकी पोरं खेळतायत. भाडेकरूला थेट सांगा, घेत असशील तर घे बाबा, पण कुलपात ठेव. यात लाजायचं काही नाही.

आणि समजा बाळाने काही खाल्लं असा संशय आला, तर उलटी करवायला जाऊ नका, दुधात तूप घालून पाजू नका. जागं आहे आणि ठीक दिसतंय तर पॉयझन सेंटरला, म्हणजे विषबाधेबद्दल सल्ला देणाऱ्या केंद्राला फोन, उठत नाही किंवा श्वास नीट नाही तर सरळ ९११, इथला इमर्जन्सीचा नंबर. आणि डॉक्टरांना खरं सांगा. आपल्या लोकांत लाजेपोटी "काय खाल्लं माहीत नाही" असं सांगतात, मग त्या बाळाच्या नको त्या सगळ्या तपासण्या होतात, कधी पाठीतून पाणी काढण्यापर्यंत, कारण लक्षणं मेंदूज्वरासारखी दिसू शकतात.

"दारूपेक्षा तर बराच आहे"

मोठ्यांच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरं आहे. दारूने लिव्हर जातं, कॅन्सर होतो, जास्त झाली तर त्या रात्रीच माणूस जातो, गांजाच्या ओव्हरडोसने प्रौढ माणूस असा जात नाही. मुलाशी बोलताना हे नाकारू नका, कारण त्याने आधीच वाचलेलं असतं आणि तुम्ही एक गोष्ट चुकीची बोललात की पुढच्या दहा तो ऐकत नाही.

"व्यसन लागत नाही" हे मात्र खोटं. जे कधी ना कधी घेतात त्यांच्यापैकी साधारण ९ टक्के लोकांना सुटत नाही असं होतं, आणि ज्यांनी किशोरवयात सुरुवात केली त्यांच्यात सहातल्या एकाला. बंद केल्यावर चिडचिड, झोप उडणं, भूक मरणं हे सगळं होतं. रोज नि खूप घेणाऱ्यांत आणखी एक विचित्र प्रकार दिसतो, पुन्हा पुन्हा उलट्या, पोटात कळा, आणि गरम पाण्याखाली उभं राहिलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. तुमचं पोरगं उलट्या होतायत म्हणून दिवसातून चारदा गरम शॉवर घेत असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, त्यांना लगेच धागा मिळेल.

"औषध आहे ना पण?" आहे, काही आजारांत. केमोच्या मळमळीवर, काही प्रकारच्या दुखण्यावर, आणि लहान मुलांच्या दोन-तीन दुर्मिळ, हट्टी फिट्सवर शुद्ध सीबीडीचं औषध आहे, अमेरिकेत त्याला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. परीक्षेचं टेन्शन हे त्या यादीत नाही.

आता जरा न बोलायच्या गोष्टीबद्दल

आपल्या घरांत एक विषय कधीच उघड बोलला जात नाही. कुणीतरी मावशी, कुणीतरी चुलत आजोबा, "डोक्यावर परिणाम झाला होता", "घरातच असायचे", आणि लग्न जमवताना तर ते नावसुद्धा काढायचं नाही.

गांजा आणि सायकोसिस, म्हणजे खरं काय नि भास काय यातला फरक कळेनासा होणं, यांचा संबंध बऱ्याच वर्षांपासून अभ्यासलेला आहे. स्वीडनमध्ये १९६९-७० साली सैन्यभरतीला आलेल्या ४५ हजारांहून जास्त तरुणांचा पुढे १५ वर्षं मागोवा घेतला. ज्यांनी अठराव्या वर्षापर्यंत पन्नासहून जास्त वेळा गांजा घेतला होता त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचं निदान होण्याचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहा पट निघालं. २०२४ मध्ये ऑन्टारियोच्याच मुलांवरचा अभ्यास आला, त्यात किशोरवयात घेणाऱ्यांत असा आजार होण्याचं प्रमाण ११ पट दिसलं. यात एक गोची आहे आणि ती अभ्यासकच सांगतात, की ज्या मुलाला आतून आधीच काही त्रास सुरू झालाय ते त्रास कमी व्हावा म्हणून गांजाकडे वळलं असेल, म्हणजे कोण आधी ते पक्कं सांगता येत नाही. आणि मुळात हा आजार शंभरात एखाद्याला होतो, त्यामुळे घेणाऱ्या बहुतेक मुलांना तो होणार नाही. पण घरात ज्यांच्या हा आजार आहे त्यांचा धोका जास्त, याबद्दल फारसं दुमत नाही.

म्हणून माझं मत असं की गांजाबद्दल मुलाशी एकच गोष्ट बोलणार असाल तर ही बोला. तुझ्या आजीच्या बहिणीला हे होतं, वीस-बावीसच्या वयात सुरू झालं, त्यामुळे तुझ्या मित्राला जे चालून जातं ते तुला चालेलच असं नाही. मी हे आमच्या घरात सांगितलं, आणि त्यावरून मोठी माणसं माझ्यावर नाराज झाली, "पोराला कशाला घाबरवतेस, आणि बाहेर बोलला तर?" बोलू दे. डायबिटीस घराण्यात आहे हे आपण गर्वाने सांगतो ना पेढा नाकारताना.

गाडी, बॉर्डर, विमान

इकडे शिकायला येणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचा.

ऑन्टारियोत २१ किंवा त्याहून कमी वय असेल, किंवा जी-१, जी-२ लायसन, म्हणजे नवशिक्यांचं, असेल, तर गाडी चालवताना अंगात टीएचसी अजिबात चालत नाही, म्हणजे शून्य. बाकीच्यांनाही रक्तात एका मिलिलिटरला २ नॅनोग्रॅमपासून गुन्हा सुरू होतो. आणि नशेत गाडी चालवण्याची कमाल शिक्षा डिसेंबर २०१८ पासून १० वर्षं झाली, त्यामुळे हा गुन्हा इमिग्रेशनच्या भाषेत गंभीर गटात गेला. स्टुडंट परमिटवाला किंवा पीआरवाला, म्हणजे कायम राहायची परवानगी असलेला, यात दोषी ठरला तर देशात राहण्याचाच प्रश्न येतो. दारूलाही हेच लागू आहे, पण ओढल्यावर तासाभराने "मी आता ठीक आहे" म्हणून स्टिअरिंगवर बसणारे जास्त भेटतात.

कॅनडातल्या कॅनडात विमानात ३० ग्रॅम नेता येतो. देशाबाहेर नेणं किंवा बाहेरून आणणं हा गुन्हा, एक गमीसुद्धा, सीबीडीचं तेलसुद्धा. नायगरा बघून पलीकडे बफेलोला जायचं म्हटलं तरी, कारण न्यू यॉर्क राज्यात लीगल असला तरी बॉर्डर त्या राज्याची नाही, अमेरिकेच्या केंद्र सरकारची आहे आणि तिथे तो बंदच आहे. भारतात नेला तर थेट एनडीपीएस. जॅकेटच्या खिशात विसरलेली गमी मुंबईच्या विमानतळावर सापडली तर "तिकडे लीगल आहे" हे तिथे कुणी ऐकणार नाही.

घेतलं असं कळलं तर

पहिल्या दिवशी काहीही बोलू नका, विशेषतः मुलाला नशा चढलेली असताना. दुसऱ्या दिवशी गाडीत बोला, समोरासमोर नाही, पोरं गाडीत जास्त बोलतात. कुठून मिळालं यापेक्षा कशासाठी घेतलं हे आधी विचारा, झोप येत नाही म्हणून घेणारा आणि मजा म्हणून एकदा घेणारा यांच्यात फार फरक आहे. फॅमिली डॉक्टरकडे न्या पण हे लक्षात ठेवा की ऑन्टारियोत उपचाराला संमती द्यायला ठरावीक वय नाही, मुलाला समज असेल तर डॉक्टर त्याच्याशी एकट्याने बोलतात आणि तुम्हाला सगळं सांगतीलच असं नाही. आपल्याला हे झेपत नाही, मला पण झेपलं नव्हतं, पण त्यामुळेच तो त्यांना खरं सांगतो. फॅमिली डॉक्टर नसेल तर कनेक्सऑन्टारियो नावाची फुकट फोनसेवा आहे, चोवीस तास, ते जवळचं केंद्र सांगतात.

राहता राहिलं माझं मत, विचारतातच सगळे. मी कायद्याच्या बाजूने आहे, पोराच्या खिशात चिमूटभर सापडला म्हणून त्याच्या कपाळावर जन्माचा शिक्का नको. पण गमीज आणि चॉकलेट मला दुकानात नकोत, क्यूबेकसारखं करा. सध्या उलटंच चाललंय, पाकिटामागची १० मिलिग्रॅमची मर्यादा वाढवा म्हणून कंपन्या मागे लागल्यात, बाहेरचा माल कडक आहे म्हणून गिऱ्हाईक तिकडे जातं असं त्यांचं म्हणणं. सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने मार्च २०२४ मध्ये ती मर्यादा आहे तशीच ठेवा असं सांगितलंय. पुढच्या वेळी तुमचा खासदार मते मागायला दारात आला की रस्त्यातले खड्डे झाल्यावर त्याला हेही विचारा, की ती मर्यादा वाढवायच्या बाजूने आहेस की विरोधात.